मी नाही म्हटलेला आवाज

यंदाच्या श्रावणात एक जीप माझ्या गॅरेजच्या दारात ट्रकवर बसून आली. चालती गाडी दुसऱ्या गाडीच्या पाठीवरून आली की समजायचं, काहीतरी मोठं झालंय. ट्रकवाल्यानं मागचं फाळकं पाडलं आणि मी वर चढलो. पुढची उजवी बाजू बसलेली, चाक मागं सरकून मडगार्डात घुसलेलं, काच गायब. चाकावरचा मुख्य पाटा पार टोकाजवळ तुटला होता. त्या पाट्याच्या कडेला मीच भरलेलं काळं ग्रीस अजून तसंच होतं.

ही शिवाप्पाची जीप. मिरगाच्या तोंडावर मी ती स्वतः चालवून बघितली होती आणि आवाज गेला, निर्धास्त जावा, असं सांगून चंदगडला धाडली होती.

ट्रकच्या केबिनमधून शिवाप्पा उतरला. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. माझा चेहरा बघून त्यालाच माझी दया आली असावी.

“सगळी जित्ती हायत, मिस्त्री. कोण गेलं न्हाय. घाबरू नगासा.”

मी खाली उतरून एका टायरवर बसलो. सगळं आयुष्य मोडक्या गाड्यांखाली झोपून काढलंय, त्यामुळं मोडतोडीचं मला काही वाटत नाही. पण मी पास केलेली गाडी अशी परत आली नव्हती. त्या दुपारी मला काय काय ऐकावं लागणार होतं, याची अजून कल्पना नव्हती.

ज्यांचा संबंध फक्त गुळगुळीत नव्या मोटारींशी येतो त्यांच्यासाठी आधी धंद्याचं थोडं सांगतो. जीपसारख्या रांगड्या गाडीला चाकावर पोलादी पट्ट्यांची चवड असते. त्यांना पाटे म्हणतात. वरचा मुख्य पाटा सगळ्यात लांब, त्याखालचे एकेक आखूड होत गेलेले. मुख्य पाट्याची दोन्ही टोकं गोल वळवलेली असतात. त्या वळणाला डोळा म्हणायचं. एका डोळ्यातून पिन घालून पाटा चासीला पक्का अडकवतात, दुसरा डोळा एका झुलत्या कडीला, म्हणजे शॅकलला. खड्डा आला की पाटे दबतात आणि एकमेकांवर घासत सरकतात. मध्ये गंज आणि धूळ साचली की ते ओरडायला लागतात.

मग त्यात तेल घातलं की झालं, असं सगळ्यांना वाटतं आणि तिथंच घोळ होतो. पावसाळ्याआधी गाडीखाली जळकं ऑईल मारून घ्यायची आपल्याकडं पद्धत आहे. चासीला ते ठीक. पाट्यांत शिरलं की त्याला धूळ चिकटते आणि थोड्याच दिवसांत दोन पाट्यांमध्ये पॉलिश पेपर घातल्यासारखं होतं. खरी रीत अशी की जॅक चासीखाली लावून गाडी उचलायची. चाकं लोंबकळली की पाटे आपोआप फाकतात. तारेच्या ब्रशानं गंज काढायचा, डिझेलनं धुवायचं, वाळवायचं आणि फटीफटीतून ग्रॅफाईटचं ग्रीस भरायचं. शॅकलच्या पिनेला ग्रीसगन. डोळ्यात रबरी बुश, म्हणजे अस्तर, असेल तर त्याला मात्र ग्रीस दाखवायचं नाही, रबर फुगतं. एवढंच शास्त्र आहे, उरलेलं सगळं कानाचं काम.

आणि कान म्हटलं की कोल्हापूरच्या शाहूपुरीत लोक माझं नाव घ्यायचे. बोळाच्या तोंडाशी गाडी वळली की मी चहाचा कप खाली न ठेवता सांगायचो, मागचा डावा शॅकल. टकटक म्हणजे बुश संपलं, धप्प म्हणजे पाट्यांची चवड बांधणारा सेंटर बोल्ट ढिला, करकर म्हणजे पाटे कोरडे. पूर्वी मीही बाकीच्यांसारखा एखाद्याला बंपरवर नाचवायचो आणि खाली झोपून एकेका पिनेवर हात ठेवून बघायचो. दोष असेल तिथं हाताला बारीक थरथर कळते. पण कानाचं नाव झालं तशी ती सवय सुटली. कपडे मळतात, वेळ जातो, आणि गिऱ्हाइकासमोर नुसत्या कानानं सांगण्यात जो रुबाब आहे तो चिखलात आडवं होण्यात नाही.

गिऱ्हाइकं पण एकेक नमुने. एक गुऱ्हाळवाले घाबऱ्याघुबऱ्या आले होते. “मिस्त्री, गाडी बोलंना झालीया.” आवाज बंद झाला म्हणून तक्रार करणारा हा पहिलाच माणूस. बघतो तर काकवीचा डबा गळून सगळी काकवी पाट्यांत मुरलेली. काही दिवस पाटे लोण्यासारखे चालले, मग थंडी पडली, काकवी घट्ट झाली आणि गाडी दगडासारखी आदळायला लागली. मुंग्या होत्या त्या वेगळ्याच. दुसरे एक पावणं, सुट्टीला मसाईच्या पठारावर चिखलात जीप घालून हौस फेडणारे. गाडी उंच दिसावी म्हणून जीपला ट्रकचे पाटे बसवून घेतलेले आणि वर मलाच विचारतात, कंबर का दुखती वो? आणखी एकाची गाडी बोळात वळताना आतून गडगड ऐकू आली. मी बसल्या जागेवरून ओरडलो, “सीटखालचा खंडेनवमीचा नारळ काढा आधी!” निघाला. तो माणूस अजून गावभर सांगत फिरतो. अशा गोष्टींनी माणूस चढतो, तसा मी चांगलाच चढलो होतो.

शिवाप्पा चंदगड तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका वाडीचा. घरची थोडी काजूची झाडं आणि ही जीप. शाहूपुरीत व्यापाऱ्याकडं काजू घालायला आला की गाडी माझ्याकडं दाखवून जायचा. पावसात वाडीपर्यंत एसटी येईलच याचा भरवसा नसतो, त्यामुळं वाडीतल्या बायकांना काजूच्या कारखान्यात कामाला नेणं-आणणं या जीपवरच चालायचं. त्याची बायको गौराक्का त्याच कारखान्यात जाते. ड्रायव्हरशेजारची जागा तिची. कोण चढलं, कोण राहिलं, कुणाचं पोर तापानं फणफणलंय म्हणून आज थांबायचं नाही, हे सगळं तिच्या तोंडी असायचं. गाडी शिवाप्पाची, पण गाडी चालायची तिच्या आवाजावर.

मिरगाच्या आधी दोघं आले होते. पुढून उजवीकडून गाडी ओरडते म्हणाले. मी फिरवून बघितली तर करकर स्पष्ट होती. गाडी उचलली, पाटे फाकवले, धुतले, ग्रीस भरलं. डोळ्याची पिन काढून आत बघितलं नाही. ओरडणारे पाटे गप्प झाले होते, मग डोळा कशाला उघडायचा? शिवाप्पाला शेजारी आणि गौराक्काला मागं बसवून पंचगंगेच्या पुलापर्यंत चक्कर मारली. परत बोळात शिरताना मी जाहीर केलं, “गेला आवाज.”

मागून गौराक्का म्हणाली, “करकर गेली वो, मिस्त्री. चिवचिव हाय की अजून.”

“कसली चिवचिव?”

“ही काय. पुढनं येतीया. बारीक.”

मी गाडी हळू केली, कान दिला. काहीही नव्हतं. माझ्या कानावर कुणी शंका घ्यावी, तेही माझ्याच दारात, हे मला चांगलंच झोंबलं. मी मागं वळलो आणि तिच्या दोन्ही हातांत गच्च भरलेल्या हिरव्या बांगड्यांकडं बोट केलं.

“अक्का, ती तुमच्या बांगड्यांची चिवचिव. तिला माझ्याकडं ग्रीस न्हाय.”

शिवाप्पा खदखदून हसला. दारात उभा असलेला शौकतभाईही हसला. शौकतभाई म्हणजे माझा शेजारी, भट्टीत पाटे तापवून त्यांना कमान देणारा कारागीर. गौराक्कासुद्धा हसली, बांगड्या मनगटावरून मागं सारल्या आणि गप्प झाली. तिला पटलं, असं मी धरून चाललो.

आता श्रावणातल्या त्या दुपारकडं येतो. जीप खाली उतरवून घेतल्यावर शौकतभाईनं शिवाप्पाला पाणी दिलं आणि तो सांगायला लागला. संध्याकाळी कारखान्यातून बायकांना घेऊन येताना उतारावर फाडकन आवाज झाला, चाक मागं गेलं आणि गाडी उजवीकडं ओढली. उजवीकडं डोंगर होता. डावीकडं ओढली असती तर दरी होती. गाडी दरडीला घासत जाऊन काजूच्या एका झाडाला अडकली. त्याचा हात मोडला, गौराक्काच्या कपाळाला टाके पडले, एका बाईचा दात गेला. बाकीच्यांचं खरचटण्यावर निभावलं.

तो बोलत असतानाच मी पाटा खोलून काढला आणि तुटलेलं तोंड पुसून उजेडात धरलं. निम्मं तोंड चकचकीत करडं, खरखरीत. ते त्या संध्याकाळी तुटलेलं. उरलेलं निम्मं तपकिरी, गंजलेलं, घासून घासून गुळगुळीत झालेलं. असा गंज आणि अशी झीज दोन महिन्यांत होत नाही. म्हणजे डोळ्याच्या आत चीर आधीपासून होती. मी ग्रीस भरत होतो तेव्हाही ती तिथंच होती.

“शिवाप्पा,” मी म्हणालो, “असला पाटा तुटायच्या आधी लई दिवस वरडतो. तुला कायच आवाज आला न्हाय?”

त्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला.

“व्हता की, मिस्त्री. रोज व्हता. चिवचिव, चिवचिव. पण तुम्ही न्हाय म्हणालतासा.”

“मी न्हाय म्हटलं म्हणून काय झालं?”

“म्हंजे? तुम्ही न्हाय म्हणलासा म्हंजे न्हायच की. आमी म्हटलं, आमच्याच कानात कायतरी बिघडलंय.”

हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. गाडीभर माणसं रोज जाता-येता एक आवाज ऐकत होती आणि शाहूपुरीतला एक मिस्त्री नाही म्हणाला म्हणून आपले चांगले कान खोटे ठरवत होती. ही कसली ख्याती? आणि घाबरलेला माणूस करतो तेच मी केलं, चिडलो. आवाज नव्हताच, मी स्वतः ऐकलंय, असं मी ओरडून सांगायला लागलो.

शिवाप्पा वाद घालत बसला नाही. डाव्या हातानं खिशातून मोबाईल काढला आणि स्पीकरवर मोठ्यानं लावला. “हे बगा. तुमास्नी दाखवाय म्हणून भरून ठेवलंतं. मग म्हटलं, कशाला मिस्त्रीचा येळ खायचा.”

मी फोन कानाला लावला. इंजिनाची घरघर, वारं, मागं बायकांचं बोलणं.

“कुठं हाय?”

“हे काय! वाजतंय की!”

मी कान बदलला. परत घरघर, वारं, बायका. शौकतभाईनं माझ्या हातातून फोन घेतला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला. “वाजतंय, मिस्त्री. सारखं वाजतंय.” तेवढ्यात पलीकडचा टायरवाला आपल्या दुकानातून ओरडला, “काय रं, चिमणी घुसलीया काय आत?”

रस्त्यापलीकडच्या माणसाला ऐकू येत होतं. माझ्या हातभर अंतरावरच्या फोनमधलं मला येत नव्हतं. डोळ्यांदेखत कुणीतरी आपल्या घरातलं सामान उचलून नेतंय आणि आपल्याला हलताही येत नाही, तसं झालं.

“शौकतभाई, खरं सांग. मला ऐकू येत न्हाय?”

तो भट्टीकडं बघत बोलला. “बारीक आवाज तुम्ही सोडून देता, हे मला ठावं हाय. लई दिसांपासनं. मला वाटलं, तुम्ही असल्या किरकोळ आवाजाला मोजतच न्हाय. मोठ्या मिस्त्रीची पद्धत आसंल.”

यालाही हसावं की रडावं मला कळेना. भिंतीला भिंत लागून राहणारा माणूस, त्यानंही माझा बहिरेपणा माझी हुशारी म्हणून धरला होता.

विषय बदलावा म्हणून मी गौराक्काची चौकशी केली. शिवाप्पानं मान खाली घातली.

“टाकं भरून आल्यात. कामाला जाती. पण चालत जाती.”

“चालत? एवढ्या पावसात?”

“बाकीच्या बायका दुसऱ्याच्या टेंपोतनं जात्यात. हिला शेजारी कोण बसवून घेत न्हाय. आन् ही जीप नीट झाली तरी हिनं पाय ठेवायचा न्हाय म्हणून अव्वानं बजावलंय.” अव्वा म्हणजे त्याची आई.

“का पण?”

“बांगड्या काढल्या व्हत्या तिनं.”

मला आधी काही कळलंच नाही. मग तो सांगत गेला. कोल्हापुरातून घरी गेल्यावर गौराक्कानं माझं बोलणं खरंच मनावर घेतलं होतं. मिस्त्री म्हणतो बांगड्यांचा आवाज, तर बघूया. आधी तिनं बांगड्यांवर रुमाल बांधला. चिवचिव आली. मग एका संध्याकाळी, कारखान्यातून येताना, तिनं दोन्ही हातांतल्या सगळ्या बांगड्या उतरवल्या, पदरात गाठ मारून ठेवल्या आणि मोकळ्या हातांनी कान देऊन बसली. नवरा शेजारी गाडी चालवतोय आणि बायकोचे हात मोकळे. गाडीतल्या बायकांनी तोंडावर हात ठेवले. त्यांनी घरी जाऊन अव्वाला सांगितलं. त्याच आठवड्यात पाटा तुटला.

“मग काय,” शिवाप्पा म्हणाला, “सगळ्या वाडीनं सांगड घातली. अव्वा म्हणती, माझ्या ल्योकाला खायाच निघालती. एका घरात ऱ्हातो, पण अव्वा तिच्याशी बोलत न्हाय.”

“आन् बांगड्या काढल्यावर चिवचिव आली का गेली?”

“आली की. लगीच म्हणाली मला, अवो, बांगड्या न्हाईत तरी वाजतंय, गाडी न्या कोल्हापूरला. मी म्हटलं, मिस्त्रीपरास तुझा कान मोठा काय?”

मी एक चेष्टा केली होती. बोळात, चार माणसांत, स्वतःची शान राखायला. त्या चेष्टेपायी एका बाईनं, जे तिच्या सात पिढ्यांत कुणी केलं नसेल, ते केलं. तिनं बांगड्या काढून जे शोधलं ते खरं होतं आणि त्याच खऱ्यासाठी ती वाळीत पडल्यासारखी पावसातून चालत होती. तिची ती ड्रायव्हरशेजारची जागा गेली होती. ती परत द्यायची तर आता एकाच माणसाच्या तोंडून होणार होतं, आणि ते तोंड माझं होतं.

त्याआधी मी कानाच्या डॉक्टरकडं जाऊन आलो. बाईंनी मला काचेच्या बंद खोलीत बसवलं, कानांवर यंत्र चढवलं आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. मी सुरुवातीला काही वेळा दाबलं, मग नुसता वाट बघत बसलो. दार उघडून त्या आत आल्या तेव्हा मी विचारलं, “आता सुरू करणार काय?” त्या म्हणाल्या, “संपलं, काका.” हातोडा आणि ग्राइंडरच्या आवाजानं वरच्या पट्टीचं सगळं गेलंय, खालच्या पट्टीचं शाबूत आहे, असं निघालं. माणसांचं बोलणं तर मला नीट येतं, मी म्हणालो. बाई हसून म्हणाल्या, कोल्हापुरात कुणाला येत नाही? ते खरं आहे. आपल्याकडं सुखदुःखाच्या गोष्टीसुद्धा पलीकडच्या गल्लीला कळतील अशा आवाजात होतात. दुसऱ्या गावात असतो तर केव्हाच उघडा पडलो असतो. घरी येऊन बायकोला विचारलं, “आपल्याकडच्या चिमण्या कवा गेल्या गं?” ती म्हणाली, “कुठं गेल्यात? रोज सकाळी पत्र्यावर दंगा असतोय की.” मी बरीच वर्षं लोकांना सांगत होतो की शहरातल्या चिमण्या संपल्या.

शौकतभाईनं नवा पाटा घडवून दिला. दोन्ही बाजू मी नव्यानं बांधल्या, रंग मारला, आणि गणपतीच्या आधी जीप घेऊन स्वतः वाडीला गेलो. शिवाप्पा शेजारी, तुटका पाटा पोत्यात गुंडाळून मागं. वाटेत त्यानं उतारावरचं ते काजूचं झाड दाखवलं. साल निघून पांढरं पडलं होतं. मला गाडी थांबवून बघायचा धीर झाला नाही.

अव्वा सोप्यात बसून काजूगर निवडत होती. नजर कमी झालेली, सगळं बोटांनी चाललेलं. गाडीचा आवाज ऐकून शेजारपाजारच्या बायका दारात जमल्या. गौराक्का आतल्या उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथंच थांबली. तिच्या हातांत नव्या हिरव्या बांगड्या होत्या. तिनं मला ‘या’ म्हटलं असावं, ओठ हललेले दिसले.

मी पोतं सोडून पाटा अव्वाच्या गुडघ्याजवळ ठेवला आणि तिची बोटं तुटलेल्या तोंडावर नेली.

“निम्मं खरखरीत लागतंय,” ती म्हणाली. “निम्मं गुळगुळीत.”

“खरखरीत हाय ते त्या संध्याकाळी तुटलं, अव्वा. गुळगुळीत हाय ते आधीच तुटलंतं. गाडी माझ्याकडं आलती तवाच. तुमच्या सुनेनं बांगड्या काढायच्या कितीतरी आधी.”

“मग तू आवाज न्हाय म्हणून का सांगिटलास?”

तिनं एवढं मोठ्यानं विचारलं की ते ऐकू आलं नाही म्हणायची सोय नव्हती.

“मला ऐकू येत न्हाय, अव्वा. बारीक आवाज येतच न्हाईत, आन् ते मलाच ठावं नव्हतं. तुमची सून बरोबर सांगत व्हती. मी तिची चेष्टा केली, बांगड्या वाजत्यात म्हणालो. माझा शब्द खरा हाय का बघाय तिनं त्या काढल्या. तिनं सांगिटल्यालं कुणी ऐकलं आसतं तर ह्यो हात मोडला नसता.”

शिवाप्पानं मान वळवली. सोप्यात सगळे गप्प होते, निदान मला तरी तसं वाटलं. अव्वाचा हात पाट्यावरच होता. मग ती उंबऱ्याकडं तोंड करून काहीतरी बोलली. अगदी हळू, दोन-चारच शब्द. तिथल्या सगळ्यांनी ते ऐकलं, कारण दारातल्या एका बाईनं डोळ्यांना पदर लावला. मला फक्त म्हातारीची हनुवटी थरथरताना दिसली. ती काय म्हणाली हे मी विचारलं नाही. पण गौराक्का उंबऱ्यावरून उतरली, भुरभुर पावसातून अंगण ओलांडलं आणि जीपमध्ये ड्रायव्हरशेजारच्या जागेवर जाऊन बसली.

मी स्टेअरिंगवर बसलो, शिवाप्पा मागं. वाडीच्या खालच्या वळणापर्यंत खडकाळ रस्ता आहे, त्यावर गाडी घातली.

“अक्का, तुम्ही सांगा,” मी म्हणालो.

तिनं बांगड्या वाजू नयेत म्हणून दोन्ही मनगटं पदरात धरली आणि मान खाली घालून ऐकत राहिली. मला इंजिनाशिवाय काही नव्हतं. माझ्या हिशेबानं गाडी पास होती.

“हाय,” ती म्हणाली. म्हणताना घाबरली होती. “बारीक हाय. डावीकडनं.”

मागून शिवाप्पानं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

मी गाडी बंद केली. पोतं चिखलात पसरून डाव्या चाकामागं आडवा झालो आणि शिवाप्पाला बंपरवर नाचायला सांगितलं. मोडक्या हातानं तो बिचारा जमेल तसा नाचला. मी एकेका पिनेवर हात ठेवत गेलो. शॅकलच्या वरच्या पिनेला थरथर होती. ग्रीस जायच्या निप्पलमध्ये माझाच नवा रंग जाऊन ते बुजलं होतं, मी मारलेलं ग्रीस नुसतं बाहेर वाहून गेलं होतं. तारेनं भोक मोकळं केलं आणि पिनेच्या कडेनं काळी रेघ बाहेर येईपर्यंत ग्रीसगन मारली.

परत निघालो. खडकाळ रस्ता गेला, उतार आला, ते सोललेलं झाड आलं. ती ऐकत होती. मी विचारलं नाही. खालच्या नाल्यापर्यंत जाऊन गाडी वळवली, चढ चढलो, तरी ती ऐकतच होती.

“न्हाय,” शेवटी ती म्हणाली. “आता न्हाय, मिस्त्री. आता खरंच न्हाय.”

मग तिनं पदरातले हात सोडले आणि हसून मनगटं माझ्यासमोर हलवली, चेष्टेनं, आता हा आवाज तेवढा राहिला म्हणून. नव्या काचेच्या बांगड्या खाली-वर होत होत्या, एकमेकींवर आपटत होत्या. मी बघत राहिलो. माझ्यापर्यंत काहीही आलं नाही. मिरगाच्या आधी त्या बोळात मी ज्यांच्याकडं बोट केलं होतं, त्या बांगड्यासुद्धा मला ऐकू आल्या नव्हत्या.